दर ठरला, दिवसांचे काय?

सोलापूरहून विजयपूरच्या रस्त्याला लागले की वडकबाळपाशी सीना ओलांडायची, मग मंद्रूप, आणि पुढे टाकळीजवळ भीमा ओलांडली की कर्नाटक. या दोन नद्यांमधल्या पट्ट्यातून सोलापूरच्या बाजार समितीत दोन प्रकारची माणसे जातात. एक कांदा घेऊन जाणारा शेतकरी आणि दुसरा नुसती पाठ अन् खांदे घेऊन जाणारा हमाल. पहिल्याविषयी वर्तमानपत्रांतून पुष्कळ लिहून येते आणि ते यायलाच हवे. दुसरा छापून येतो तो बहुधा संपाच्या दिवशी, तोही लिलाव कोणामुळे ठप्प झाले हे सांगण्यापुरता. पुष्कळदा ही दोन्ही माणसे एकाच घरातली असतात. थोरल्याकडे कोरडवाहू चार एकर असतात, धाकटा बाजारात पोती उचलतो. एकाच्या पट्टीतून हमाली कापली जाते आणि दुसऱ्याच्या हातात ती पडते.

नोव्हेंबरपासून सोलापुरात कांद्याची आवक चढू लागते. डिसेंबर-जानेवारीत ती अंगावर येते. पुणे, अहिल्यानगर, धाराशिव जिल्ह्यांतून आणि सीमेपलीकडून, विजयपूर-कलबुर्गीकडूनही गाड्या लागतात. रात्री माल उतरवायचा, सकाळी लिलाव, मग तोलाई, पोती भरणे-शिवणे, आणि दुपारनंतर दक्षिणेकडे निघणाऱ्या ट्रकांत थप्प्या लावायच्या. एखाद्या हंगामात आवक इतकी होते की समितीला लिलाव बंद ठेवून आधी आवारात पडलेला माल उपसावा लागतो. त्या दिवसांत हमालाला उसंत नसते. आणि हाच माणूस जुलै-ऑगस्टमध्ये सकाळी येतो, दहा-अकरापर्यंत गाळ्याच्या पायरीवर बसतो आणि एसटीचे भाडे खिशातून घालून परत जातो.

हमालांच्या प्रश्नाची चर्चा आपल्याकडे नेहमी दराभोवती फिरते. गोणीमागे किती, वराई कोणी द्यायची, पन्नास किलोच्या वरचे पोते उचलायचे की नाही, दर दोन-तीन वर्षांनी दरवाढीचा करार, त्याआधी इशारा, बैठक, एखादा दिवस काम बंद. हे सारे आवश्यक आहे. पण कमाई म्हणजे दर गुणिले दिवस, हा साधा गुणाकार या चर्चेत अर्धाच मांडला जातो. समजा, कामाच्या दिवशी एका हमालाच्या वाट्याला सहाशे रुपये येतात. जानेवारीत चोवीस दिवस काम लागले, जुलैत आठच दिवस. जुलैची कमाई झाली चार हजार आठशे. आता संघटनेने झगडून वीस टक्के दरवाढ मिळवली, जी सहसा मिळत नाही, तरी जुलैत हाती येणार नऊशे साठ रुपये जास्त. त्याऐवजी चार दिवसांच्या मजुरीची हमी मिळाली असती तर चोवीसशे जास्त आले असते. आकडे कल्पित आहेत, पण गुणाकार खोटा नाही. तरीही दिवसांचे कलम करारात आणण्यासाठी जोराची मागणी झालेली सहसा ऐकू येत नाही.

कायद्यात लिहिलेले

यातली गंमत अशी की हे कलम नव्याने शोधून काढायचे नाही. ते पन्नासहून अधिक वर्षे महाराष्ट्राच्या कायद्यात लिहिलेले आहे. मुंबईच्या मशीद बंदर परिसरात पाठीवर ओझी वाहणाऱ्या, मुख्यतः सातारा-सांगलीकडून आलेल्या कामगारांना अण्णासाहेब पाटलांनी संघटित केले; पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली. त्या चळवळींच्या रेट्यातून १९६९ साली माथाडी, हमाल आणि इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. ज्यांचा मालक कोण हेच सांगता येत नाही अशा कामगारांसाठी मंडळे स्थापायची, मंडळावर सरकार, मालक आणि कामगार या तिघांचे प्रतिनिधी, कामगार आणि मालक दोघांची नोंदणी, मजुरी मंडळात भरायची, तिच्यावर लेव्ही घ्यायची आणि त्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, रजा, बोनस द्यायचा, अशी ही रचना. देशात तिला तोड नव्हती. लेव्हीचा भाग सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु याच कायद्याच्या तिसऱ्या कलमात योजनेत काय काय असावे याची जी यादी आहे, तिच्यात एक बाब अशी आहे: नोंदणी झालेला कामगार कामाला तयार असूनही ज्या काळात त्याला काम, किंवा पुरेसे काम, मिळत नाही, त्या काळासाठी त्याला किमान हमी वेतन मिळण्याची तजवीज.

हे शब्द आकाशातून पडलेले नाहीत. ते आले गोदीतून. जहाज लागले तर काम, न लागले तर उपास, ही जगातल्या सगळ्या बंदरांची जुनी रीत. पहाटे धक्क्यावर शेकडो माणसे उभी राहायची आणि मुकादम बोट दाखवील तेवढी आत जायची. ब्रिटनने १९४७ साली राष्ट्रीय गोदी कामगार योजना आणून ही रीत मोडली. आपल्याकडे १९४८ साली गोदी कामगारांच्या रोजगाराचे नियमन करणारा केंद्रीय कायदा झाला आणि त्याखाली मुंबई, कलकत्ता, मद्रास येथे मंडळे आली. तत्त्व साधे होते. जहाजे अनेक कंपन्यांची, पण कामगारांचा साठा एकच. आज एका कंपनीचे जहाज नसेल तर दुसरीचे असेल. आणि कोणाचेच नसेल, तर हजेरी लावून परत गेलेल्या माणसाला काहीतरी द्यायचे, कारण त्याने त्या दिवशी दुसरीकडे जाणे सोडून दिलेले आहे. महिन्यात ठराविक दिवसांची मजुरी पक्की, आणि कामावर येऊनही काम सुरू होऊ शकले नाही तर निम्म्या मजुरीइतकी भरपाई. इंग्रजीत या भरपाईला जे नाव होते त्याचा सरळ अर्थ ‘निराशेचे पैसे’ असा होतो. कायद्याच्या भाषेत असा शब्द क्वचितच सापडतो!

१९६९चा माथाडी कायदा या गोदी कायद्याच्या साच्यावर बेतला. त्याच्या नावाखालच्या उद्देशवाक्यातच श्रमिकांचा पुरेसा पुरवठा आणि त्यांचा योग्य व पूर्ण उपयोग असे दोन हेतू सांगितले आहेत. पहिला हेतू व्यापाऱ्याच्या आणि शेतकऱ्याच्या हिताचा आहे: माल आला की माणूस हजर हवा. दुसरा कामगाराच्या हिताचा: हजर राहणाऱ्याला काम हवे. दोन्ही एका वाक्यात बांधले ते विचार करून बांधले. पुढे अर्धी गाठ सुटली. माणूस हजर राहिला पाहिजे, हे बाजाराने पक्के धरले. हजर राहण्याची किंमत मात्र कोणीच मोजली नाही.

मजुराची पाळी

सोलापूरच्या वाचकाला ‘बदली’ हा शब्द समजावून सांगायला नको. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंगगिरजी, जाम मिल, या गिरण्यांचे भोंगे चालू होते तेव्हा प्रत्येक पाळीला फाटकाशी बदली कामगारांचा घोळका असे. कायम कामगार गैरहजर राहिला तर याला आत घ्यायचे. बदली म्हणजे कामगार खरा, पण दुसऱ्याच्या तापावर आणि लग्नकार्यावर जगणारा. औद्योगिक विवाद कायद्याने त्याला ले-ऑफच्या भरपाईपासून दूर ठेवले होते, पण एकाच कारखान्यात वर्षभराची सलग सेवा, म्हणजे हिशेबात २४० दिवस, भरली की तो कायद्याच्या दृष्टीने बदली राहत नसे. म्हणजे त्याच्यासाठी निदान एक रेघ आखलेली होती. हमालाला ती रेघही नाही. त्याचे मालक चाळीस. एकाकडे सहा दिवस, दुसऱ्याकडे अकरा, तिसऱ्याकडे दोन तास. वर्षाचे तीनशे दिवस तो राबला तरी कोणत्याही एका वहीत त्याचे २४० दिवस भरत नाहीत.

किमान वेतनाच्या कायद्याचेही तसेच. १९४८च्या किमान वेतन कायद्यात पंधरावे कलम असे होते की ज्याचे वेतन दिवसावर ठरले आहे त्याला मालकाने दिवसभर पुरेल इतके काम दिले नाही, तर त्याला पूर्ण दिवसाची मजुरी द्यावी लागेल. कामगाराने स्वतःच नकार दिला असेल तर गोष्ट वेगळी. हे कलम वेतन संहितेतही कायम आहे आणि चारही कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आहेत. पण हे कलम लागू होण्यासाठी माणूस त्या दिवशी ‘कामावर ठेवलेला’ असावा लागतो. गाळ्याच्या पायरीवर बसलेला हमाल कामावर आहे की नाही? कायद्याच्या डोळ्याला तो दिसत नाही. पण अडत्याच्या डोळ्याला दिसतो, कारण गाडी आली की तो पायरीकडे पाहूनच हाक मारतो.

एकच पोते, वेगवेगळी नावे

दिवसांच्या हमीने काय फरक पडतो, हे पाहायचे तर भारतीय अन्न महामंडळाच्या गोदामाकडे पाहावे. धान्याचे पन्नास किलोचे पोते वाघिणीतून काढून थप्पीला लावायचे, हे काम देशभर एकच. ते करणारे कामगार मात्र वेगवेगळ्या नावांचे: खात्याचे, थेट वेतन पद्धतीचे, ‘काम नाही तर दाम नाही’ या पद्धतीचे, आणि ठेकेदाराचे. (हे तिसरे नाव महामंडळाचे अधिकृत नाव आहे, कोणी टोमणा म्हणून दिलेले नव्हे.) २०१५ च्या जानेवारीत शांताकुमार समितीने केंद्र सरकारला जो अहवाल दिला, त्यात खात्याच्या कामगारावर महिन्याला सुमारे ७९,५०० रुपये, थेट वेतनवाल्यावर सुमारे २६,००० आणि ठेकेदाराच्या कामगारावर सुमारे १०,००० रुपये खर्च येतो असे नोंदवले होते. तीनशेहून अधिक खातेकामगारांना ऑगस्ट २०१४ या एका महिन्यात थकबाकी धरून चार लाखांवर रक्कम मिळाली, हेही त्या अहवालात होते. स्वतः न येता कमी मजुरीवर दुसऱ्याला कामावर पाठवण्याचे प्रकारही चव्हाट्यावर आले.

या आकड्यांवरून हमी दिली की माणूस आळशी आणि लबाड होतो, असा निष्कर्ष पुष्कळांनी काढला. मला तो घाईचा वाटतो. तिथे बिघडले ते हमीमुळे नव्हे, तर हमीच्या वर चढवलेल्या प्रोत्साहन-दरांमुळे, आणि हमी मूठभरांपुरती ठेवून बाकीच्यांना दारात उभे केल्यामुळे. थोड्यांना सर्व काही आणि उरलेल्यांना काहीच नाही, अशी विभागणी झाली की आतला माणूस आपली जागा भाड्याने देणारच. पण माथाडी संघटनांनीही हा अहवाल नुसता कामगारविरोधी म्हणून बाजूला सारू नये. बिल्ला एकाचा आणि पाठ दुसऱ्याची, हा प्रकार बाजार आवारांना अगदीच अपरिचित आहे असे कोणी छातीवर हात ठेवून म्हणू शकेल काय?

संघटना दिवसांची हमी का मागत नाहीत, याचे एक उत्तर इथे आहे. हमी मागायची तर नोंदवहीत किती नावे ठेवायची ते ठरवावे लागेल. आज टोळी जानेवारीत चार हात जास्त घेते आणि जुलैत त्यांना ओळख देत नाही. ते चार हात गावाकडचे असतात, नात्यातले असतात, बिनबिल्ल्याचे असतात. हमी आली तर त्यांना एकतर वहीत घ्यावे लागेल, नाहीतर उघड नाही म्हणावे लागेल. आणि वहीत घ्यायचे म्हटले की कांदा निवडणाऱ्या, पाला-माती झटकणाऱ्या बायाही रांगेत उभ्या राहतील. त्यांना तर टोळीत जागाच नसते. दरवाढीच्या लढ्यात हे अवघड प्रश्न येत नाहीत. समोर व्यापारी असतो, घोषणा तयार असतात.

दुसरे उत्तर पैशाचे आहे. रिकाम्या दिवसाची मजुरी द्यायची कोणी? इथे शेतकऱ्याने कान टवकारले तर त्यात त्याची चूक नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापूरच्या बाजारात पाचशे किलोंहून थोडा जास्त कांदा विकला. किलोला एक रुपया भाव मिळाला; वाहतूक, हमाली, तोलाई वजा जाता हातावर दोन रुपयांचा धनादेश पडला. त्या धनादेशाचे छायाचित्र देशभर गाजले. अशा पट्टीत ‘हमी निधी’ म्हणून आणखी एक ओळ घाला, असे मंद्रूपच्या शेतकऱ्याला सांगायला कोणी जाणार नाही, आणि जाऊही नये. फळे-भाजीपाल्याची अडत २०१६ साली शेतकऱ्याच्या खांद्यावरून काढून खरेदीदारावर टाकली. त्याच न्यायाने हमीचा भार खरेदीदारावर आणि गोदामवाल्यावर पडायला हवा. हंगामात हाताखाली माणूस तयार मिळण्याचा लाभ मुख्यतः त्यांचा आहे.

शिवाय भार वाटतो तेवढा मोठा नाही, जर साठा एक असेल तर. जिल्ह्याचे वर्ष नजरेसमोर आणा. हिवाळ्यात कांदा. जानेवारीपासून तूर. मे-जूनमध्ये रेल्वेच्या मालधक्क्यावर खतांचे रेक, आणि तिथून तालुक्यांच्या गोदामांकडे खत. साखर कारखान्यांचे गाळप हिवाळ्यात, पण साखरेची पोती गोदामातून वर्षभर हलतात, कारण केंद्र सरकार महिन्या-महिन्याचा विक्री कोटा ठरवून देते. रेशनच्या धान्याची उचल बारमाही. किराणा-भुसाराची गर्दी दिवाळीच्या आधी. म्हणजे एकाची ओहोटी ती दुसऱ्याची भरती. तरीही कांद्याची टोळी कांद्याला आणि मालधक्क्याची टोळी मालधक्क्याला बांधलेली; कांद्याचा हमाल जूनमध्ये रिकामा बसलेला असताना खताच्या रेकवर ठेकेदार बाहेरून माणसे आणतो. कायद्याने कल्पिला होता सामायिक साठा. प्रत्यक्षात आल्या जहागिरी. सोलापूरला माथाडी मंडळ आहे. त्याने एका वर्षाचे पाळीपत्रक जिल्ह्यापुरते मांडून पाहिले तर हमी द्यावी लागेल असे रिकामे दिवस किती उरतात, हे पहिल्यांदा आकड्यात कळेल. माझा कयास आहे की ते भीतीपेक्षा पुष्कळ कमी निघतील.

नव्या गोदामांचे तास

हा प्रश्न जुन्या बाजारापुरता असता तर एखाद्याने म्हटले असते, यंत्रे येतील आणि हमालच उरणार नाही, कशाला काळजी? पण उलटे घडते आहे. भिवंडीच्या भोवती घरपोच माल पाठवणाऱ्या कंपन्यांची गोदामे वाढली, महामार्ग चौपदरी होत गेले तशी ती लहान शहरांच्या वेशीवरही येणार. तिथे पट्टे आहेत, स्कॅनर आहेत, आणि तरीही डबा उचलायला माणूस लागतोच. सणासुदीला हजारोंची तात्पुरती भरती होते आणि सण सरला की ती ओसरते. मुकादमाच्या बोटाची जागा मोबाइलवरच्या संदेशाने घेतली, एवढाच फरक. पहाटे धक्क्यावर उभे राहणाऱ्याला निदान शेजारचा माणूस दिसत असे.

अमेरिकेत हीच लढाई १९९७च्या ऑगस्टमध्ये झाली. पार्सल वाहणाऱ्या युपीएस कंपनीतील टीमस्टर्स संघटनेचे सुमारे एक लाख पंच्याऐंशी हजार कामगार पंधरा दिवस संपावर गेले. संपाचा मुख्य मुद्दा अर्धवेळ कामगारांचा होता: गोदामात रोज तीन-चार तास राबवायचे आणि पूर्णवेळ जागा भरायच्याच नाहीत. संप मिटला तेव्हा कंपनीने अर्धवेळ कामांतून दहा हजार पूर्णवेळ जागा करण्याचे मान्य केले. तिथल्या करारात गोदामातल्या अर्धवेळ कामगाराला कामावर बोलावले की साडेतीन तासांचे काम किंवा तेवढे वेतन, असे कलम आहे. साडेतीन तास म्हणजे फार नव्हे. पण ते लिहिलेले आहेत. ब्रिटनची गोष्ट अधिक बोधक. १९४७ची गोदी योजना थॅचर सरकारने १९८९ साली मोडून टाकली. पुढे शून्य तासांच्या करारांचे पेव फुटले. आणि २०२५च्या डिसेंबरमध्ये त्याच देशाच्या संसदेने रोजगार हक्कांचा नवा कायदा केला, ज्यात अशा कामगारांना नियमित तासांचा देकार देण्याचे आणि ऐनवेळी रद्द केलेल्या पाळीबद्दल भरपाई देण्याचे बंधन आहे. त्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने व्हायची आहे.

आपल्याकडे मात्र चर्चा उलट दिशेला चालली आहे. २०२३ साली राज्य सरकारने माथाडी कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले तेव्हा संघटना रस्त्यावर उतरल्या. बनावट माथाडींच्या नावाने उद्योगांकडून खंडणी उकळली जाते ही उद्योजकांची तक्रार खोटी नाही. त्या निमित्ताने खऱ्या माथाडीचेच संरक्षण काढून घ्याल, ही संघटनांची भीतीही खोटी नाही. पण दोन्ही बाजूंच्या भाषणांत कायद्यातल्या हमी वेतनाच्या तरतुदीची आठवण क्वचितच निघाली. ज्या राज्याने वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला, मागेल त्याला काम आणि काम नसेल तर बेकारी भत्ता हे तत्त्व देशाच्या आधी कायद्यात आणले, त्याच राज्यात पाझर तलाव खोदणाऱ्याला हमी आणि बाजारपेठेचा कणा असलेल्या हमालाला नाही, ही विसंगती आपल्याला टोचतही नाही.

ती टोचावी असे वाटत असेल तर प्रारंभ लहानशा गोष्टीने करता येईल. आज बाजारात काम झालेल्या गोणीची नोंद होते, कारण तिच्यावर मजुरी आणि लेव्ही अवलंबून असते. काम न मिळता परत गेलेल्या माणसाची नोंद कुठेच नाही. रोज सकाळी आठला किती नोंदीत हमाल हजर होते, किती बिनबिल्ल्याचे, दहापर्यंत कितींना काम लागले, किती परत गेले, आणि त्यात बाया किती, एवढे पाच रकाने. मंडळाचा एक कारकून आणि एक वही पुरेल. पुढच्या दरवाढीच्या बैठकीला संघटनेचे पुढारी जातील तेव्हा ही वही टेबलावर असली पाहिजे. व्यापारी दर विचारतील. कामगारांच्या प्रतिनिधीने आधी जुलैचे पान उघडावे.